विश्रामबागवाडा : खांबांचा इतिहास आणि उंबऱ्याचा इतिहास

पुण्याच्या विश्रामबागवाड्यावर जे लेखन होते त्याची एक ठरीव चाकोरी पडून गेली आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला. दर्शनी भागात सागवानी सुरूदार खांब आणि कोरीव सज्जा आहे. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. आणि १९३० ते १९५९ या काळात तेथे नगरपालिकेची कचेरी होती. शेवटी एक वाक्य हमखास येते : सरदारी वास्तू लोकांची झाली.

हे तपशील खरे आहेत. माझा आक्षेप त्यांच्या निवडीला आहे. या इतिहासात खांबांची वर्णने आहेत, पण वाड्याचा उंबरा कोणाला ओलांडता आला आणि कोणाला नाही, याची नोंद नाही. वास्तूच्या इतिहासाची समीक्षा याच प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे, असे मी मानतो.

वाडा उभा राहिला तो पेशवाईच्या अखेरीस. या राजवटीत पुण्याच्या अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितले आहे. त्याच पुण्यात ब्राह्मणांना राज्याच्या खजिन्यातून दक्षिणा वाटली जात होती. एकाच शहराच्या या दोन बाजू आहेत. खांबावरची नक्षी पाहताना त्यातली एकच दिसावी, अशी सोय आपल्या इतिहासकारांनी करून ठेवली आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. पण ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इंग्रज सरकारने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली आणि तिचा खर्च दक्षिणेच्याच पैशांतून चालवला. मालक बदलला, लाभार्थी तोच राहिला. नव्या सत्तेला जुन्या पुरोहितवर्गाचा रोष नको होता. रयतेच्या घामाचा पैसा शास्त्रे घोकणाऱ्यांवर खर्च होत राहिला आणि रयतेच्या मुलाला मुळाक्षरेही मिळाली नाहीत. जोतीरावांचा सारा संताप याच व्यवहारावर होता.

म्हणून १६ नोव्हेंबर १८५२ हा दिवस मला या वाड्याच्या इतिहासातला सर्वांत अर्थपूर्ण दिवस वाटतो. मुलींना आणि महार-मांगांना शिकवणाऱ्या जोतीराव फुल्यांचा त्या दिवशी सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते येथे शाल देऊन सत्कार झाला. या सत्काराचा अर्थ फुगवण्याचे कारण नाही. एका माणसाला शाल मिळाल्याने समाजाला दार उघडत नसते. तरीही ज्या वास्तूत ज्ञान जातीच्या कुलपात होते, तेथेच ते कुलूप फोडू पाहणारा माणूस उभा राहिला. कोरीव सज्जावर रमणाऱ्या लेखकांना ही घटना ओळीपुरतीही आठवू नये, हा विस्मरणाचा भाग नसून दृष्टीचा भाग आहे.

आता नगरपालिकेकडे येऊ. वाड्यात येण्यापूर्वीचे तिचे चरित्र पाहिले पाहिजे. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात तिचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पैसा खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असे म्हणून त्यांनी विरोध केला. पुढे १९२५ साली केशवराव जेध्यांनी त्याच पालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याचा प्रश्न आणला, तेव्हा त्याला कडवा विरोध झाला. 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक त्याच वर्षीच्या वादळातले. त्यावरच्या खटल्यात अपिलाचे काम बाबासाहेबांनी चालवले, हेही विसरता येणार नाही. जोतीरावांच्या पुतळ्याला विरोध करणारी ही पालिका पाच वर्षांनी त्यांच्या सत्काराच्या वाड्यात राहायला आली. तिला त्या सत्काराची आठवण होती काय?

वाडा लोकांचा झाला असे म्हणताना 'लोक' म्हणजे कोण, हे विचारावे लागते. पारतंत्र्याच्या काळात पालिकेचे मत मालमत्तेशी आणि कराशी बांधलेले होते. झोपडीत राहणाऱ्याला त्यात जागा नव्हती. महानगरपालिका झाली ती १९५० साली. प्रौढ मतदानाचा हक्कही स्वातंत्र्यानंतरचाच. म्हणजे लोकांच्या म्हणवल्या गेलेल्या या कचेरीचा बराचसा काळ अर्ध्याहून अधिक लोकांना बाहेर ठेवूनच गेला. पण शहर रोज झाडले जात होते, मैला रोज वाहिला जात होता. ही कामे कोणत्या जातींच्या माथी होती, हे वाचकांना सांगायला नको. पालिकेचे सारे नगरशासन ज्यांच्या पाठीवर उभे होते, त्यांची आठवण तिच्या कचेरीच्या इतिहासात एका शब्दाने येत नाही.

वाडा जपू नये असे मी म्हणत नाही. तो जपावाच; आपल्या पैशाने जपला जातो, म्हणून तो आपलाही आहे. पण त्याच्या दाराशी माहितीचा फलक लागेल तेव्हा बाजीरावाच्या नावाखाली १८२१ ची पाठशाळा कोणासाठी होती ते लिहावे, १८५२ चा सत्कार लिहावा, १९२५ चा विरोधही लिहावा. आणि आपल्या तरुण अभ्यासकांनी पालिकेच्या जुन्या दप्तरातली सफाई कामगारांची हजेरीपुस्तके शोधावीत. वाड्याच्या इतिहासाची राहून गेलेली पाने त्यांत सापडतील.