‘प्रेम संन्यास’ : दुर्मीळतेचे आकर्षण आणि चरित्राची चिकित्सा

संग्राहकांना अल्पज्ञात मूकपटांची ओढ वाटते, तिचे मूळ त्या फितींच्या नश्वरतेत आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. आज त्यांतील फारच थोडे उरले आहेत. नायट्रेटच्या फिती कुजतात, पेट घेतात. त्यांतील चांदी काढण्यासाठीही अनेक नष्ट केल्या गेल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक जुन्या फिती भस्मसात झाल्या. त्यामुळे जे उरले, त्याला केवळ उरल्यामुळे मोल येते.

१९२५ चा ‘प्रेम संन्यास’ हा सुदैवाने उरलेला मूकपट. एडविन अर्नोल्ड यांच्या १८७९ च्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, सिद्धार्थ हिमांशु राय आणि गोपा सीतादेवी. स्टुडिओतील नेपथ्य, कृत्रिम प्रकाश व रंगभूषा यांचा आधार घेतला नसल्याचे चित्रपट प्रारंभीच सांगतो. जयपूर संस्थानचे हत्ती, खरे रस्ते, खरी गर्दी पाहून संग्राहक मोहून जातो. हे आकर्षण आम्ही क्षुल्लक मानत नाही. कोणी जपला नसता, तर हा चित्रपट पाहावयासही मिळाला नसता.

तथापि, दुर्मीळ ते प्रमाण नव्हे. वृद्ध, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाने राजपुत्र विरक्त होतो, हीच येथे गृहत्यागाची मीमांसा आहे. दीघनिकायातील महापदानसुत्तात ही दर्शने विपस्सी बुद्धांच्या चरित्रात येतात. गोपा हे नावही ललितविस्तराच्या परंपरेतील आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोपर्यंत वार्धक्य वा मृत्यू पाहिलाच नव्हता, हे बुद्धीस पटणारे नाही, असा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात घेतला. त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्यात शोधले. संघात युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ या पडद्यावर कोठेच दिसत नाही. येथे दिसतो तो युरोपीय प्रवाशांना बोधगयेत एका वृद्धाने सांगितलेल्या कथेतील हळवा राजपुत्र.

म्हणून हा मूकपट विहारांतून अवश्य दाखवावा. परंतु त्यानंतर दिवे लागताच उठून न जाता, रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग वाचून त्यावर चर्चा व्हावी. पडद्यावरील जयपूर पाहून डोळे सुखावतील. सिद्धार्थाने घर का सोडले, याचे उत्तर मात्र त्या चर्चेतच शोधावे लागेल.