कॉलिन्सच्या फळ्या

गेल्या दिवाळीत मी आईला लॅपटॉपवर एक प्लॅन दाखवला. नेवासा फाट्याजवळ आमची वीस गुंठे जमीन आहे. तिच्या कडेला बारा बाय पंधराचं घर: वर झोपायला माळा, खाली कामाचं टेबल, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, पश्चिमेला मोठी खिडकी. एकूण १८० चौरस फूट. आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कोपीतच राह्यचं होतं, तर इंजिनिअरिंग कशाला केलं?"

कोपी म्हणजे काय हे ऊसपट्ट्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. बांबू वाकवून रोवायचे, त्यावर चटया किंवा पाचट टाकायचं, हल्ली वरून प्लास्टिकचा कागद. आत वाकून शिरायचं. दाराच्या जागी पोतं. ऊसतोडीच्या टोळ्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून निघून कारखान्यांच्या पट्ट्यात येतात आणि हंगामाचे पाचसहा महिने अशा कोप्यांमध्ये काढतात. आईचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. तिचे लहानपणीचे बरेच हिवाळे कोपीत गेले. माझ्या प्लॅनमध्ये तिला माळा दिसला नाही, खिडकी दिसली नाही. तिला आकार दिसला.

मला तिचा राग आला होता. कारण माझ्या बाजूनं एक मोठं पुस्तक उभं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

'टायनी हाऊस'चे व्हिडिओ तुम्हीही रात्री झोपताना पाहिले असतील. देवदारी लाकडाचं चिमुकलं घर, चाकांवर किंवा तळ्याकाठी, जिन्याच्या पायऱ्यांमध्येच खण, आणि हसतमुख जोडपं सांगतंय की वस्तू कमी झाल्यापासून आम्ही खरं जगायला लागलो. या सगळ्या व्हिडिओंचा मूळपुरुष एकच, हेन्री डेव्हिड थोरो. ४ जुलै १८४५ या दिवशी तो अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावाबाहेर वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेला. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, म्हणजे १५० चौरस फूट. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस तो तिथं होता. पुस्तक आलं १८५४ मध्ये. आपल्याकडे दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं. मी ते मराठीतूनच वाचलं. राहायला गेला तेव्हा थोरोला अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायला आठवडाभर होता. साधारण माझंच वय.

आधी त्याच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू खरी आहे. पुस्तकातलं पहिलंच आणि सगळ्यात लांब प्रकरण अर्थव्यवहारावर आहे, आणि ते एखाद्या इंजिनिअरला आवडावं असं आहे. घराचा खर्च त्यानं बाबवार छापलाय: फळ्या, कौलांसारख्या लाकडी चिपा, काचेच्या दोन जुन्या खिडक्या, हजार जुन्या विटा, चुना, खिळे. खडूसुद्धा सोडलेला नाही, एक सेंट. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. लगेच पुढे तो सांगतो की केंब्रिजच्या कॉलेजात याहून जराच मोठ्या खोलीचं वर्षाचं भाडं ३० डॉलर आहे. गावातले शेतकरी वीस, तीस, चाळीस वर्षं राबतात ते आपल्याच शेताचे खरे मालक होण्यासाठी, कारण शेत गहाण असतं. घर माणसाच्या मालकीचं असतं की माणूस घराच्या, हा त्याचा प्रश्न आहे.

हे वाचून मी एक्सेल उघडलं. पुण्यात ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर साठ लाखांचा फ्लॅट. बारा लाख आपले, ४८ लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता महिना ४१ हजार ६५० च्या आसपास, आणि शेवटी बँकेला दिलेली रक्कम जवळजवळ एक कोटी. म्हणजे ४८ वर्षांचा होईपर्यंत नोकरी सोडायची नाही, बॉसला नाही म्हणायचं नाही, आजारी पडायचं नाही. लहान घराचा सगळ्यात मोठा फायदा 'साधेपणा' वगैरे नाही. तो या हप्त्यातून सुटका हा आहे. त्यासोबत झाडलोट कमी, वीज कमी, सामान घेताना दोनदा विचार, आणि आत जागा नाही म्हणून आपसूक अंगणात बसणं. यातलं काहीच खोटं नाही.

आता कॉलिन्सकडे येऊ. पहिल्या वाचनात मी त्याच्यावरून तसाच पुढे गेलो होतो. आईच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तेव्हा तिथं अडकलो.

फळ्यांसाठी थोरोनं एक झोपडी विकत घेतली. मालक जेम्स कॉलिन्स, आयर्लंडहून आलेला, फिचबर्ग रेल्वेवर काम करणारा. किंमत चार डॉलर पंचवीस सेंट. थोरो झोपडी बघायला जातो त्याचं वर्णन पुस्तकात आहे: आत अंधार, मातीची जमीन, बाजूंना पाच फुटांपर्यंत रचलेली माती. कॉलिन्सची बायको दिवा धरून त्याला छत आणि भिंती दाखवते. आत एक चूल, एक खाट, सोनेरी चौकटीचा आरसा, नवी कॉफी दळायची गिरणी, रेशमी छत्री आणि एक तान्हं मूल, याच घरात जन्मलेलं. सौदा ठरतो. पैसे रात्री, घर रिकामं पहाटे पाचला. सहाला थोरो ताबा घ्यायला निघतो तेव्हा ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटतं. सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात. फक्त मांजर मागे राहतं, रानात जातं आणि पुढे एका सापळ्यात सापडून मरतं. थोरो झोपडी उकलतो, खिळे काढतो, फळ्या गाड्यावरून तळ्याकाठी नेतो आणि गवतावर उन्हात पसरतो.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध टायनी हाऊसच्या भिंती एका स्थलांतरित मजुराच्या टायनी हाऊसमधून आल्या आहेत. फळ्यांच्या नोंदीसमोर थोरोनं स्वतःच लिहिलंय की त्या बहुतेक झोपडीतल्या आहेत. मांजराचं पुढे काय झालं हे आपल्याला कळतं. कॉलिन्सचं बाळ पुढे कुठे राहिलं, हे कळत नाही.

थोरोला गरिबांची घरं दिसतच नव्हती, असा याचा अर्थ नाही. रेल्वेच्या कडेनं उभ्या असलेल्या मजुरांच्या खुराड्यांबद्दल त्यानं याच पुस्तकात चीड व्यक्त केली आहे. पण पुढे 'बेकर फार्म' या प्रकरणात तो पावसात अडकून जॉन फील्ड नावाच्या दुसऱ्या आयरिश मजुराच्या घरात शिरतो. छत गळतंय, सगळे जण त्यातल्या त्यात कमी गळणाऱ्या कोपऱ्यात बसलेत, घरात बायको आणि बरीच पोरं आहेत. आणि थोरो त्या माणसाला समजावतो की चहा, कॉफी, मांस सोडलंस तर इतकं राबावं लागणार नाही. माझ्याकडे बघ, मी घट्ट, उजेडाचं, स्वच्छ घरात राहतो आणि त्याला तुझ्या या पडक्या घराच्या वर्षाच्या भाड्याएवढाच खर्च आला. सल्ला गणिताच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण तो देणारा एकटा आहे, निरोगी आहे, पदवीधर आहे, आणि त्याचं घर ज्या जमिनीवर आहे ती त्याचा मित्र इमर्सन याची आहे. खर्चाच्या यादीत खडू आहे; जमीन नाही, मजुरीही नाही. कपडे धुणं आणि शिवणं बहुतेक घराबाहेर होत असे आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत, असं तो स्वतःच नोंदवतो. ते कुणीतरी करत होतंच ना? गाव दीड मैलावर. दर एकदोन दिवसांनी तो तिकडे चक्कर मारत असे.

मला वाटतं लहान घराबद्दलचा खरा प्रश्न इथे आहे, आणि तो चौरस फुटांचा नाही. थोरोचं घर लहान होतं, पण त्याच्याभोवती तळं होतं, जंगल होतं, मागे गाव होतं, आणि कंटाळा आला की निघून जायची मोकळीक होती. सप्टेंबर १८४७ मध्ये तो निघून गेलाच. कोपीत राहणारा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. ती फिटेपर्यंत त्याला निघता येत नाही. कोपीच्या भोवती जागा भरपूर असते, चहूकडे शेतंच असतात, पण त्यातली एक वाफासुद्धा त्याची नसते. बाईला आंघोळीला आडोसा हवा तर पहाटे अंधारात उठावं लागतं. थोरोचं घर आणि कोपी, दोन्हींचं क्षेत्रफळ काढलं तर फार फरक निघणार नाही.

अमेरिकेतल्या बांधकामाच्या आदर्श नियमावलीत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला टायनी हाऊस म्हणतात, माळा सोडून. हे माप आपल्याकडे लावून बघा. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट. या मापानं महाराष्ट्र टायनी हाऊसनं भरलेला आहे. मात्र घरकुल मिळालेला माणूस पहिली संधी मिळताच पुढे पत्र्याची पडवी काढतो आणि चाळीतला माणूस पुनर्विकासात ५०० फुटांची वाट बघतो. ज्यांनी लहान घर खरोखर वापरलंय त्यांचं मत असं आहे. व्हिडिओ बनवणाऱ्यांनी ते कधी विचारलेलं मी पाहिलं नाही.

तोट्यांबद्दलही थोरो व्हिडिओवाल्यांपेक्षा प्रामाणिक आहे. तो कबूल करतो की मोठे विचार मोठ्या शब्दांत बोलायला लागलं की पाहुण्यापासून पुरेसं लांब बसता येत नाही, म्हणून तो पाहुण्यांना घरामागच्या पाइनच्या झाडांत नेत असे. गंमत आहे, आणि खरं आहे. पण हा तोटा गप्पा मारणाऱ्या पुरुषाचा आहे. आईनं मला जे तोटे विचारले ते त्या पुस्तकात सापडत नाहीत. न्हाणी कुठंय? कुणी तापानं फणफणलं तर त्याला निजवायचं कुठं? माळ्यावर म्हातारं माणूस चढणार कसं? बाळंतीण आली तर? तीनचार दिवस पावसाची झड लागली की कपडे कुठं वाळत घालायचे? दोघांचं भांडण झालं तर एकानं जायचं कुठं? थोरोकडे तीन खुर्च्या होत्या, एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी आणि तीन समाजासाठी. दुसऱ्या खाटेचा उल्लेख नाही.

म्हणून 'वॉल्डन' वाचू नये का? उलट वाचावं, आणि हिशेबासकट वाचावं. त्याचे नातू-पणतू असलेले व्हिडिओ जे लपवतात ते या पुस्तकानं लपवलेलं नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे, लाकूड कुठून आलं, धुणं कोण धुतं, हे व्हिडिओत कधीच दिसत नाही. थोरोनं कॉलिन्सचं नाव लिहिलं, किंमत लिहिली, गाठोडं लिहिलं. त्याला त्याचा अर्थ पुरता लागला नसेल. पण ते लिहून ठेवल्यामुळेच आज नेवाशात बसून त्याला जाब विचारता येतो.

आणि नेवाशात बसून दुर्गाबाईंचं दुसरं पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या गावाजवळ तो दगडी खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात. त्याला पैसाचा खांब म्हणतात. दुर्गाबाईंनी त्यावर लेख लिहिला आणि ज्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचं नावही 'पैस' ठेवलं. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. 'ऐसपैस' बोलताना आपण तोच शब्द वापरतो. वॉल्डनकाठचं घर मराठीत आणणाऱ्या बाईंना हा खांबही लिहावासा वाटला, हे मला आता योगायोगापेक्षा जास्त वाटतं. खांबाला चौरस फूट नसतात. पैस भिंतींच्या आत मोजता येत नाही. तो भोवतालावर किती हक्क आहे यावर ठरतो. थोरोला तो होता. कॉलिन्सला नव्हता. आईच्या आईवडिलांना नव्हता.

मला आहे. वीस गुंठे वडिलांनी ट्रॅक्टर चालवून घेतलेत, पुण्याची वाट उघडी आहे, पगार चालू आहे. माझं १८० फुटांचं घर हे त्या सगळ्याच्या जोरावर लहान आहे, हे मला आधी कबूल करायला हवं होतं.

प्लॅन मी टाकून दिलेला नाही. आईच्या प्रश्नांची यादी करून तो पुन्हा काढला. न्हाणी आणि संडास आधी आखले, बाकीचं घर त्याभोवती. माळा गेला, खाली दुसऱ्या खाटेची खोली आली, पुढे पडवी. १८० चे ३१० चौरस फूट झाले. खर्च वाढला, तरी तो हप्त्याच्या आसपासही जात नाही. त्या अमेरिकन मापानं अजूनही टायनीच.

आईनं अजून होकार दिलेला नाही. नवा प्लॅन बघून मात्र ती शेतात आली आणि न्हाणीची जागा तिनं स्वतः बदलली: विहिरीकडच्या अंगाला नको, पलीकडे, म्हणजे सांडपाणी केळीला जाईल.