नकार, णकार आणि शुद्धाशुद्धाचा विवेक

मराठीतील शुद्धाशुद्धाच्या वादात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ नित्य होत आली आहे : लेखनातील चूक, उच्चारातील भेद आणि शब्दयोजनेतील गैरसमज. या तिन्हींना 'अशुद्ध' हे एकच विशेषण लावण्याची सवय आपल्या अध्यापकवर्गात इतकी रुळली आहे की, तिची तपासणी करण्याची गरजही सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत टिपणात शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील एका सुपरिचित उच्चारभेदाच्या आधारे ही तपासणी करावयाची आहे.

या भागातील ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी इत्यादी समाजांच्या बोलण्यात 'पाणी', 'आणि', 'लोणी' यांऐवजी 'पानी', 'आनि', 'लोनी' असे उच्चार सर्रास ऐकू येतात. ही गोष्ट नवी नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकणपट्टीतील ठाकरी, आगरी, कातकरी या बोलींची दखल घेतलेली आहे. तरीही वर्गात अशा उच्चाराला आजही हमखास हशा मिळतो. हे उच्चार चुकीचे का, असे विचारल्यास तीन प्रकारची उत्तरे मिळतात. ती एकेक पाहू.

पहिले उत्तर व्युत्पत्तीचे. शब्दाचे मूळ रूप संस्कृतात असून त्याच्या जवळ असेल ते शुद्ध, असे हे मत होय. परंतु 'पाणी' शब्दाचे मूळ संस्कृत 'पानीय' आहे आणि त्यातील नकार दंत्य आहे. प्राकृतात त्याचे 'पाणिअ' झाले व तेथून आपले 'पाणी' आले. तेव्हा मूळ हाच निकष मानला तर दोष ठाकरवाडीतल्या 'पानी'कडे नव्हे, प्रमाण मराठीतल्या 'पाणी'कडे जातो. 'शाळा'ची गोष्ट अशीच आहे. आगरी माणूस 'शाला' म्हणतो तेव्हा संस्कृत शब्दच त्याच्या मुखातून जसाच्या तसा बाहेर पडतो. पण त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही.

दुसरे उत्तर प्राचीनतेचे. जुन्या मराठीत णकार होता, म्हणून तोच खरा, असे म्हटले जाते. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून जी वाट नाणेघाटात चढते, तिच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा प्राकृत शिलालेख आहे. तो सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानतात. मराठीच्या अभिजाततेसाठी याच लेखाचा पुरावा आपण अभिमानाने पुढे केला आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी तो दर्जा मिळालाही. या लेखात 'दक्षिणा' हा शब्द 'दखिना' असा, 'कार्षापण' हा 'काहापना' असा आणि राजाचे नाव 'सातकनि' असे कोरलेले आहे. तिन्ही ठिकाणी संस्कृतातील णकाराचा नकार झाला आहे. पुढे वररुचीच्या व्याकरणात याच्या नेमके उलट, म्हणजे नकाराचा सर्वत्र णकार, असा नियम येतो. यावरून आजची ठाकरी बोली थेट शिलालेखातून उतरली, असा निष्कर्ष काढणे अर्थातच उतावळेपणाचे होईल. एवढेच सिद्ध होते की, न आणि ण यांचा पालट या भूमीत दोन्ही दिशांनी होत आला आहे आणि प्राचीनता कोणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही.

तिसरे उत्तर नियमांचे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने 1962 साली स्वीकारले व 1972 साली त्यांत चारांची भर पडली. हे नियम अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, सामान्यरूपे अशा लेखनविषयक बाबींचे आहेत. कोणी कसे बोलावे, हे ते सांगत नाहीत. उलट बोलण्याचा प्रत्यक्ष दाखला देताना उच्चारानुसारी लेखनाला ते मोकळीक देतात. नियमांच्या नावाने उच्चाराला दंड करणाराने ते नियम पुन्हा एकदा वाचावेत.

मग उत्तरपत्रिकेतील 'पानी'वर लाल रेघ मारू नये काय? अवश्य मारावी. लेखन हा अनेक बोलींच्या लोकांनी परस्परांशी केलेला करार आहे. तो मोडल्यास गडचिरोलीचा वाचक आणि मुरबाडचा लेखक यांची गाठ पडणार नाही. मात्र 'पाणी' लिहिण्याला आधार आहे तो या कराराचा. व्युत्पत्तीचा नव्हे, प्राचीनतेचाही नव्हे. शब्दयोजनेतही हेच खरे. 'दुरावस्था' हे रूप संधिनियमाविरुद्ध आहे, ते सुधारावे. परंतु संस्कृतात नसलेला अर्थ मराठीत आला म्हणून एखादा शब्द अशुद्ध ठरवू लागलो, तर 'शिक्षा' या शब्दाने आपण दंड समजणे सोडून द्यावे लागेल.

या सरमिसळीची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. णकाराचा धाक घेतलेले विद्यार्थी 'मन'च्या जागी 'मण' आणि 'जीवन'च्या जागी 'जीवण' लिहितात, हे उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे. ही अतिशुद्धी अज्ञानातून आलेली नसते, भीतीतून आलेली असते. एका तोंडी परीक्षेत विषय उत्तम जाणणारा या भागातील एक विद्यार्थी 'आनि' म्हणाला, परीक्षकांपैकी एक हसले आणि त्यानंतर तो एकेका शब्दातच उत्तरे देत राहिला. प्रस्तुत लेखक त्या मंडळावर होता आणि त्याने त्या हसण्याला हरकत घेतली नाही. ज्याच्या बोलीतून ध्वनिपरिवर्तनाचा पाठ शिकवता आला असता, त्याला त्या दिवशी आम्ही गप्प केले.

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वहीतली चूक सुधारताना ती संकेताची चूक आहे असे स्पष्ट सांगावे आणि तोंडातला उच्चार सुधारण्यापूर्वी त्याची नोंद करावी.