लाकडाची इमारत आणि तिचे तळघर

इमारतीची समीक्षा या पानांवर कशाला, असे एका कार्यकर्त्या मित्राने मला विचारले. कथा-कवितेला आपण विचारतोच की, हे कुणाच्या श्रमावर उभे आहे? मग वास्तुकलेच्या वर्गात उद्याचा आदर्श म्हणून जी इमारत दाखवली जाते तिला का विचारू नये?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातले बुलिट सेंटर हा तसा आदर्श. २२ एप्रिल २०१३ रोजी, वसुंधरा दिनी उघडलेली सहा मजली कचेरी. खालचे दोन मजले काँक्रीटचे, वरचे चार डग्लस फर लाकडाचे. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नकाशे, छायाचित्रे आणि लेख यांवरून लिहितो आहे. फळ्या एकावर एक चिकटवून केलेले जाडजूड खांब, तशाच तुळया. आग लागली तर त्यांचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि आतले लाकूड बराच वेळ वाचते. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन तुळईत अडकून राहतो. सिमेंट आणि पोलादही कमी लागते. अर्थात तोडलेले जंगल पुन्हा वाढू दिले तरच हा हिशेब खरा. सांगाडा अडीचशे वर्षे टिकावा अशी योजना आहे. लाकूड प्रमाणित जंगलांतले, आणि त्या प्रमाणपत्रात मजुरांच्या व आदिवासींच्या हक्कांचीही कलमे आहेत. ही जमेची बाजू मी नाकारीत नाही.

स्तुतिपर लेख मात्र बहुधा तुळयांपाशी थांबतात. मी तळघरापाशी थांबलो. सहाही मजल्यांवरची शौचकूपे पाण्याऐवजी खत करणारी होती. मैला तळघरातल्या टाक्यांत उतरे. त्यात भुसा घालायचा, तो ढवळायचा, निथळलेला द्राव टँकरने बाहेर न्यायचा. दहा वर्षे व्हायच्या आत ही व्यवस्था काढून टाकली आणि अगदी थोडे पाणी लागणारी, हवेने ओढणारी शौचकूपे बसवली. काहींना हे अपयश वाटते. मला हा त्या इमारतीचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. काम जड झाले तेव्हा त्यांनी यंत्र बदलले.

त्याच वर्षी, ६ डिसेंबर २०१३ पासून, हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा आपल्याकडे अमलात आला. त्यानंतरही गटारात गुदमरून माणसे मेली, आणि ती कोणत्या वस्तीतली हे वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे यंत्र बदलण्याची निकडच कुणाला भासत नाही, कारण जातीने माणूस आधीच पुरवून ठेवलेला आहे. अशा देशात 'मैल्याचे खत' हा शब्द हिरवा म्हणून मिरवताना आमच्या वास्तुविशारदांची जीभ अडखळत नाही, याचा मला राग येतो.

म्हणून लाकडी इमारतीचा आराखडा घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी एकच काम सांगतो. छेदचित्रात जिन्यावर, खिडकीपाशी तू माणसे काढली आहेस. आता तळघरात टाकीजवळ एक माणूस काढ, त्याच मापाचा. त्याला उभे राहायला जागा किती, हवा कुठून येते आणि महिन्याला पगार काय, तेही शेजारी लिही.