सर्पगंधेपासून सेरोटोनिनपर्यंत

'डिप्रेशन म्हणजे मेंदूतला केमिकल लोचा' हे वाक्य आता पाटणच्या बाजारपेठेतही ऐकू येतं. आज आम्ही ते तपासणार आहोत. त्याने एक मोठं काम केलं. 'आळशी आहे, नाटकं करतोय' हा शिक्का पुसला. पण विज्ञान म्हणून ते कितपत टिकतं?

याच्या मुळाशी आपल्याकडची एक वनस्पती आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते ते जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाले, आणि प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं करतं. त्याच सुमारास क्षयाच्या एका औषधाने रुग्णांची मनं उल्हसित झालेली दिसली. मग दोन्हींची सांगड घातली गेली: रसायन कमी, म्हणून उदासी. गंमत अशी, की १९५५ सालीच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांना त्याच रेसर्पिनने चिंताग्रस्त, उदास रुग्णांना बरं वाटल्याचं आढळलं होतं! हा निष्कर्ष मागे पडला. सोयीचा नव्हता ना.

दुसरी अडचण. गोळीचा सेरोटोनिनवर परिणाम काही तासांत सुरू होतो, माणसाला बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. नुसती तूट भरायची असती तर एवढा उशीर का? २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा चाळला. सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे डिप्रेशन होतं याला सुसंगत आधार मिळाला नाही.

आणि लगेच दुसरं टोक: 'म्हणजे गोळ्या थोतांड!' हे अनुमान आम्हाला पहिल्याहून धोक्याचं वाटतं. औषध लागू पडतं का, हे खोट्या गोळीशी तुलना करून ठरतं. ते का लागू पडतं हा प्रश्न निराळा. सरासरी फरक माफक असला तरी चाचण्यांत तो दिसतो. गोळी एकदम सोडली तर गरगरणं, बेचैनी, आणि आजार उलटण्याची भीती. सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता आत्महत्या. १९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑसबर्ग यांना आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या काही उदास रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात सेरोटोनिनचा अवशेष कमी आढळला. धागा खरा आहे, पण एकटा धागा. आपले नैयायिक नुसतं कारण म्हणत नाहीत, कारणसामग्री म्हणतात: माती, चाक, दांडा, कुंभार. एक काढा, घट होत नाही. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तिथल्या लोकांच्या मेंदूतलं सेरोटोनिन कुणी वाढवलं नव्हतं. सामग्रीतली एक वस्तू हाताशी राहिली नाही, एवढंच. आपल्या खोऱ्यात मात्र फवारणीची बाटली अजून माळ्यावर असते, कुलपाविना.

एक चिठ्ठी आली आहे: 'जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर तो विचार डोक्यात भरत नाही का?' नाही. तसं विचारल्याने धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. सरळ विचारा, उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि टेलि-मानसचा १४४१६ लावा. तिथे मराठीत बोलता येतं.