‘सुसंवादी’ या शब्दाचा हिशेब

नृत्यपरीक्षणे लिहू लागल्यापासून मी ‘सुसंवादी’ हा शब्द फार सैल हाताने वापरत आले. पदन्यास सुसंवादी, समूहरचना सुसंवादी, हस्त आणि दृष्टी यांचे नाते सुसंवादी. यंदा जुनी कात्रणे लावायला काढली तेव्हा तो पानोपानी भेटला आणि ओशाळायला झाले. त्या त्या संध्याकाळी मी नेमके काय पाहिले होते, ते त्या शब्दावरून मलाच सांगता येईना.

नृत्यातील सुसंवादाचा आणि अभिव्यक्तीचा रीतसर अभ्यास उभा करणाऱ्यांत रुडॉल्फ लाबानचे नाव अग्रभागी आहे. १८७९मध्ये प्रेसबर्ग, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात जन्मलेल्या या माणसाने हालचालीला दोन प्रश्न विचारले : ती कुठे जाते आणि कशी जाते. पहिल्यातून ‘कोरॉयटिक्स’ निघाले. नर्तकाभोवती वीस त्रिकोणी बाजूंची एक आकृती कल्पायची, तिचे बारा कोपरे ठरावीक क्रमाने गाठायचे. गायक पलटे घोटतो तसे. अवकाशालाही स्वरांसारखी संगती असते, ही लाबानची श्रद्धा. दुसऱ्या प्रश्नातून ‘युकिनेटिक्स’ निघाले. जोर किती, वेग कसा, वाट थेट की वळणाची, हालचाल मोकळी वाहते की आवरून धरलेली? हात खांद्यापासून समोर न्यायचा एवढेच ठरले असेल, तर त्यात ठोसाही बसतो आणि झोपलेल्या मुलाच्या कपाळाला केलेला स्पर्शही. पहिल्या शास्त्राच्या लेखी वाट एकच. दुसऱ्याच्या लेखी ती दोन वेगळी जगे.

माझे म्हणणे असे की, लाबानचा जीव पहिल्यात अडकला होता आणि दुसऱ्याचे सामर्थ्य दाखवले ते त्याचा शिष्य कुर्ट योस याने. योसचे ‘द ग्रीन टेबल’ ३ जुलै १९३२ रोजी पॅरिसमधील नृत्यरचनांच्या स्पर्धेत सादर झाले आणि पहिले ठरले. मी ते पाहिले आहे अर्थात चित्रफितीवरच. हिरव्या टेबलाभोवती काळ्या पोशाखातले, मुखवटे चढवलेले मुत्सद्दी. ते झुकतात, मान डोलावतात, एकमेकांना वाट देतात. सगळे कसे सुसंवादी! मग पिस्तुले झडतात आणि मृत्यू रंगमंचावर येतो. त्याचे पाय जमिनीत ठोकल्यासारखे पडतात. हातांच्या रेघा सरळ, जोर पुरा, कुठेही सैलपणा नाही. त्याच्याभोवती युद्धाचा नफेखोर फिरतो. त्याची एकही वाट सरळ नाही. अंग आक्रसून, वळणे घेत तो प्रेतांच्या खिशाशी पोचतो. शब्द नाही, चेहऱ्याचा अभिनय जेमतेम, तरी कोण कोण आहे याची शंका येत नाही. आणि म्हाताऱ्या आईला न्यायला येतो तेव्हा हाच मृत्यू आपला जोर उतरवतो. त्या क्षणी त्याची मला सर्वांत अधिक भीती वाटली. शेवटी पुन्हा टेबल, पुन्हा त्याच अदबशीर माना.

योसने सुसंवादाला मूल्य मानले नाही, मोजपट्टी मानले. गुरूचे तसे नव्हते. लाबानने सामान्य माणसांचे मोठमोठे ‘गतिवृंद’ उभारले. एकत्र हलताना माणूस आतून जुळतो, असे त्याला मनापासून वाटे. पण जुळवणाऱ्याने कुणाला बाहेर ठेवले? १९३३मध्ये योसवर कंपनीतील ज्यू सहकाऱ्यांना, त्यांत ‘ग्रीन टेबल’चा संगीतकार फ्रिट्झ कोहेनही होता, काढण्याचे दडपण आले, नकार देऊन तो सगळ्यांसह देशाबाहेर पडला. त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या सरकारी ऑपेराच्या नृत्यशाळेतील बालवर्गातून ‘अनार्य’ मुले काढली गेली, तेव्हा तेथील नृत्यप्रमुख लाबान होता. १९३६च्या ऑलिंपिकसाठी त्याने हजारभर नर्तकांचा गतिवृंद बसवला. रंगीत तालीम पाहून गोबेल्सने तो बंद पाडला. त्याला तो नको तितका बौद्धिक वाटला. लाबानचे चाहते या बंदीचा दाखला देऊन त्याला मोकळे करतात. मला ते पटत नाही. दारातून हाकलले गेले म्हणून आधी आत शिरलोच नव्हतो, असे होत नाही.

‘हे सगळे आपल्या नाट्यशास्त्रात आधीच आहे’ असे म्हणण्याचा मोह इथे होतो. सौष्ठव आहे, चारी आहेत, १०८ करणे आहेत, हे खरे. पण भरतनाट्यम शिकताना मी राक्षसाचा वधही अरमंडीची चौकट न मोडता केला. रौद्र चेहऱ्यावर, हातांत, ठेक्यात. कणा मात्र सौष्ठवात. ती आपल्या शैलीची निवड आहे, उणीव नव्हे. तरीही विसंवाद देहाच्या वजनातच उतरवायचा, हा योसचा प्रश्न तिथे पुरता विचारला जात नाही.

लाबानने १९२८मध्ये हालचाल लिहिण्याची लिपी प्रसिद्ध केली होती : उभे रकाने, त्यात लहानमोठे ठोकळे. १९३६च्या त्या गतिवृंदाची आज्ञापत्रे याच लिपीत गावोगावच्या गटांना गेली. त्यांनी ती वाचून बसवली आणि मग सारे बर्लिनला जमले. पुढे दोनएक वर्षांनी इंग्लंडातील डार्टिंग्टन येथे, योसच्या आश्रयाला स्वतः लाबान आला असतानाच्या काळात, अ‍ॅन हचिन्सन या तरुण विद्यार्थिनीने ‘ग्रीन टेबल’ त्याच ठोकळ्यांत उतरवून काढले.