‘मला मान्य आहे’ : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी कादंबरीपासून चारोळीपर्यंत आजवर कशालाही सोडलेले नाही. पण ज्या वाङ्मयप्रकाराचा खप आज पंचांगालाही लाजवील, त्याकडे त्यांचे साफ दुर्लक्ष झाले आहे. हा प्रकार म्हणजे फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आणि हल्ली मोटारीतसुद्धा सॉफ्टवेअर सुरू होण्यापूर्वी आपल्यासमोर उलगडणारा करारनामा. त्याच्या तळाशी एक चौकोन असतो. त्या चौकोनात टिचकी मारली की आपण तो वाचला, समजून घेतला आणि मान्य केला असे ठरते. न वाचता ‘वाचला’ म्हणण्याची एवढी सोय यापूर्वी फक्त साहित्य संमेलनातल्या परिसंवादात होती.

समीक्षकाने आपली पात्रता आधी सांगावी. मी बँकेत कारकून आहे, बी. कॉम. आहे, आणि गेली वीस-बावीस वर्षे लोकांना ‘इथे, इथे आणि इथे’ सह्या करायला लावतो आहे. कर्जाच्या कागदांवर सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवणे, ही आमच्या खात्याची एकमेव ललितकला. तेव्हा बारीक अक्षरातल्या वाङ्मयाबद्दल चार शब्द बोलण्याचा माझा अधिकार कुणी नाकारू नये.

माझी सध्याची शाखा निघोज्याच्या पंचक्रोशीत आहे. निघोजे म्हटले की लोक विचारतात, “म्हणजे ते रांजणखळग्यांचं?” ते निघोज; पारनेर तालुक्यातले. त्यांचे खळगे कुकडी नदीच्या पात्रात आहेत, आमचे रस्त्यात. आमचे निघोजे खेड तालुक्यातले, चाकण एमआयडीसीच्या कुशीतले. महिंद्राचा मोटारींचा कारखाना गावच्या पत्त्यावर, आणि फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या पत्त्यात म्हाळुंगे-खराबवाडीच्या जोडीला आमच्या गावाचे नाव. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. ज्या शिवारातून कांदा-बटाटा निघायचा तिथून आता मोटारी निघतात, आणि त्या मोटारींत लोखंडाच्या जोडीला सॉफ्टवेअर असते. म्हणजे हा करारनामा एका अर्थी आमच्या मातीतलेच वाङ्मय झाले.

आता कलाकृतीकडे वळू. पात्रे दोनच : ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’. ‘आम्ही’ला सगळे हक्क, ‘तुम्ही’ला सगळी कर्तव्ये. अशी पात्ररचना मी पूर्वी फक्त चाळीच्या मालकाने जिन्यात लावलेल्या पाटीवर पाहिली होती. नाट्य म्हणाल तर अजिबात नाही, कारण ‘तुम्ही’ला सबंध प्रयोगात एकच वाक्य दिलेले आहे, ‘मला मान्य आहे.’ मान्य नसेल तर? तर प्रयोग रद्द. नटाने फोन खिशात घालून घरी जावे.

मध्यंतराच्या सुमाराला एक प्रसिद्ध कलम येते. सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’ दिलेले आहे. ते चालेलच असे नाही. चालले तर तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही. आणि त्यापायी तुमचे नुकसान झालेच, तर फार तर मोजलेल्या किमतीइतके परत मिळेल. चाकणच्या बाजारात कांदासुद्धा जसा आहे तसाच विकतात, नाही असे नाही. पण तिथे गोणीत हात घालून तळचा कांदा बघू देतात. इथे गोणी शिवलेली, आणि उसवायची नाही असे वेगळे कलम! आतली रचना उलगडून पाहण्यास सक्त मनाई.

कॉमर्सला आम्हाला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता. त्यात १८७२ चा करार कायदा. त्याचे तेरावे कलम सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली म्हणजे संमती झाली. ‘एकाच अर्थाने’ हे महत्त्वाचे. आता २०१० सालच्या एक एप्रिलची गोष्ट ऐका. ब्रिटनमधल्या गेमस्टेशन नावाच्या दुकानाने गंमत म्हणून आपल्या करारात एक कलम घुसडले : गिऱ्हाईक आपला अमर आत्मा दुकानाच्या हवाली करीत आहे. सुमारे साडेसात हजार जणांनी तो केला. ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या मधोमध राहणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून धक्काच बसतो. आत्म्याचा व्यवहार या भागात इतक्या स्वस्तात कधी झाला नव्हता.

पण माझी खरी तक्रार भाषेबद्दल नाही, शेवटाबद्दल आहे. या कलाकृतीला शेवटच नाही.

तुम्ही आमच्याकडून मोटारीला कर्ज काढलेत तर आरसी बुकावर बँकेचे नाव चढते. हप्ते फिटेपर्यंत गाडी गहाण. लोक आम्हाला शिव्या देतात; पण शेवटचा हप्ता भरला की आम्ही निमूटपणे नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात ठेवतो. आरटीओत जायचे, बँकेचे नाव उतरवायचे, की गाडी तुमची. काही लोक त्या दिवशी शाखेत पेढे आणतात. गहाणाला शेवट असतो, हे सावकारीच्या सबंध इतिहासात गृहीत धरलेले आहे. तुकोबांनी तर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे सांगतात. (आमच्या वसुली खात्यात त्यांची तसबीर मी तरी पाहिलेली नाही.) सॉफ्टवेअरचे मात्र पुरते पैसे मोजले तरी ते तुम्हाला विकलेले नसते, ‘वापरायला दिलेले’ असते. गहाण सुटतच नाही. बुडवावे म्हटले तर खत कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर, आणि तिथे इंद्रायणी जात नाही.

हे नुसते शब्दांचे खेळ नव्हेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडल यंत्रांवरून, त्यांनी विकत घेतलेली दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण पुसलेल्यांपैकी एक पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. आता समीक्षकाने यावर आणखी काय भाष्य करायचे?

तरीही हे फोन आणि पुस्तकांपुरते असते तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या फाट्यावर एक मिस्त्री आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारे. ते शाखेत कर्ज मागायला आले. कशाला, तर स्कॅनरला. हल्लीच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर खुपसला की गाडी आपले दुखणे सांगते.

“सांगती, पण अर्धंच,” मिस्त्री म्हणाले. “साहेब, काही पार्ट असे हायेत की नवा बसवला की त्याची गाडीशी वळख करून द्यावी लागती. ती वळख कंपनीच्या सॉफ्टवेअरबिगर होत नाही. पार्ट बसलाय, बोल्ट आवळलाय, अन् गाडी विचारती, हा कोण?”

“मग काय करता?”

“करतो काय! टोचन लावून शोरूमला. गिऱ्हाईक माझं, ग्रीस माझ्या हाताला, अन् बिल त्यांचं.”

मॅनेजरसाहेबांनी विचारले, तारण काय? मिस्त्री म्हणाले, स्कॅनरच. मी फायलीवर टिपण लिहिले : यंत्राचे सॉफ्टवेअर दरवर्षी वर्गणी भरून चालू ठेवावे लागते, वर्गणी थकल्यास सदर यंत्राचा उपयोग पेपरवेट म्हणून होऊ शकेल. माझ्या टिपणावर साहेब हसल्याची ही पहिलीच नोंद. कर्ज शेवटी मंजूर झाले, ते मिस्त्रींच्या मंडळींच्या पाटल्यांवर. म्हणजे गुपित कंपनीचे आणि तारण पाटल्यांचे. हे अर्थशास्त्र आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात नव्हते.

ही एकट्या मिस्त्रींची रड नव्हे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे अशीच तक्रार नेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यादीत टाटा होते, मारुती होती, आणि आमच्या वेशीवरच्या महिंद्रा आणि फोक्सवॅगनही होत्या. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे म्हणजे बाजार अडवून धरणे, असे आयोगाचे म्हणणे पडले. ती उपलब्ध करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही त्याने बजावले. पुढे प्रकरण रीतसर अपिलात आणि हायकोर्टात गेले. याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांनी गूगलची सगळी ॲप्स आधीच बसवून द्यायची, या अटीबद्दल. मार्च २०२३ मध्ये अपिलात काही निर्देश गळाले, दंड मात्र कायम राहिला. साबणावर साबणदाणी फुकट मिळाली तर कोण नको म्हणेल? पण ती भिंतीत चिणून दिली की शंका येते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवे. ब्रेक आणि एअरबॅग आता सॉफ्टवेअरच्या हुकमात असतात. कुणीही उठून ते चाळवले तर अपघात होतील, बनावट भाग बसतील, चोरांचे फावेल. कबूल. आम्हीही तिजोरीची चावी चहावाल्याकडे देत नाही. पण लॉकरला दोन चाव्या लागतात. एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. दोन्ही चाव्या बँकेनेच ठेवल्या तर त्याला सुरक्षितता म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो पोलिसांच्या रजिस्टरात सापडतो.

शिवाय बंद कपाटात काय चालते याचा एक धडा आमच्याच वेशीवरच्या नावाने दिला आहे. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले की, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर परीक्षा ओळखते. चाके फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी प्रयोगशाळेत आहे; की लगेच धूर सात्त्विक. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटू नये. इन्स्पेक्शनच्या दिवशी आमच्याही टेबलांवर धूळ नसते आणि चहा कपबशीतून येतो. पण आमच्याकडे इन्स्पेक्टरला कपाट उघडता येते. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांतले हे कपाट उघडण्याची मुभा बाहेरच्या कुणालाच नव्हती. संशय आला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमापाची यंत्रे गाडीत चढवून ती सरळ रस्त्यावर हाकली म्हणून.

भारतात कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्याचे जाहीर केले. इथला नियम मोडला नाही, असे तिचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला आणि मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कोर्टाचे कोर्टात. पण या प्रकरणात बोल्ट आवळणाऱ्याने बोल्ट नीटच आवळला होता. खोटे बोलला तो प्रोग्रॅम, आणि प्रोग्रॅमला शपथ घालता येत नाही. तो उघडून वाचावाच लागतो.

वाचण्याची सोय आपल्या कायद्यात अगदीच नाही असेही नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सांगते की, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढता येते, आणि तो कसा चालतो हे तपासता येते, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यापुरता अभ्यासताही येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘अन्याय्य करार’ अशी चक्क व्याख्या आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात संकेतस्थळ काढले. त्यात मोबाइल, घरगुती यंत्रे, शेतीची अवजारे आणि मोटारी असे चार विभाग. दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी, अशी कल्पना. ‘द्यावी’ आणि ‘द्यावीच’ यांत फरक एका ‘च’चा, पण वसुली खात्यातल्या कुणालाही विचारा, सगळे कर्ज त्या ‘च’वरच फिटते.

तर या कलाकृतीबद्दल एकूण अभिप्राय असा : रचना कसलेली, पात्रचित्रण एकांगी, शेवट गाळलेला. पुढच्या आवृत्तीत लेखकांनी मधली पाने खुशाल कमी करावीत आणि अखेरीस आमच्या नाहरकत दाखल्यासारखा एक परिच्छेद जोडावा. रक्कम पोचली. वस्तू तुमची. उघडा, बघा, फाट्यावरच्या मिस्त्रीकडे न्या, वाटल्यास विकून टाका. बिघडवलीत तर ती जबाबदारीही तुमची. त्याखाली नेहमीप्रमाणे चौकोन काढावा, आणि या खेपेला त्यात टिचकी कंपनीने मारावी.